लोकरीचा साप

तपासनिसांच्या नजरेतून काहीही सुटत नाही, असं स्वतः तपासनीसच सांगत. कारखान्यात नटबोल्ट तपासणारा माणूस! केसाएवढी चीर दिसली की अख्खी पेटी परत. त्यामुळे बायकोने विणलेल्या लोकरीच्या प्राण्यांचे फोटो काढून तिच्या ऑनलाइन दुकानात टाकायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, "तुम्ही माझं काम कधी धड बघतच नाही." ते त्यांना फार झोंबलं होतं.

"आता बघच तू!" ते म्हणाले.

"बघते. पण घामट हात लावू नका, लोकर मळते. चिमट्याने उचला," असं बजावून ती बाजारात गेली.

तपासनिसांनी टोपली परसात नेली. कुंड्यांमधल्या फरशीवर ससा, कासव, घुबड, बेडूक अशी मंडळी बसवली. तेवढ्यात कुंडीमागे एक साप पडलेला दिसला. टोपलीतून घरंगळला असणार! चिमट्याने उचलला तर चांगलाच जड. 'नीट बसावा म्हणून आत वाळू भरलीय वाटतं,' असं पुटपुटत त्यांनी त्याला वेटोळं घालून ठेवलं, शेपटी जरा डावीकडे वळवली आणि फोटो काढले. मग सगळे प्राणी टोपलीत, टोपली आतल्या खोलीत खाटेखाली आणि फोटो दुकानात.

बायको परतली तेव्हा फोन सारखा वाजत होता.

"बघ! तुझ्या सापावर लोक फिदा झालेत!"

"कुठला साप?"

"अगं, तू विणलेला."

"मी साप विणलाच नाही!"

तपासनिसांनी फोटो मोठा करून पाहिला. टाका एकही नाही, खवले मात्र सगळे. पुढच्या फोटोत तर त्याने जीभ बाहेर काढली होती!

"अहो, टोपली कुठाय?"

"खाटेखाली."

"आणि बाबा?"

बाबा म्हणजे तपासनिसांचे सासरे. ते खाटेवर होते.

दोघं धावत दाराशी पोचले. सासरे पालथे झोपून घोरत होते आणि त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता, थेट टोपलीत! हाक मारावी तर सासरे दचकून हात झटकणार. न मारावी तर... पुढचा विचारच करवेना.

"ओढा ना टोपली!" बायको कुजबुजली.

"मी?"

"मग कोण? ठेवली कोणी?"

चिमटा पुढे धरून तपासनीस गुडघ्यांवर सरकू लागले. टोपलीशी पोचतात तोच घोरणं थांबलं.

"जावईबापू," सासरे डोळे न उघडता म्हणाले, "खाली काय ठेवलंत हो? हाताला गार लागतंय. बरं वाटतंय."

"बाबा, हात हळूच वर घ्या. रंग ओला आहे!" तपासनिसांनी थाप ठोकली.

"मग आधी सांगायचं ना!" सासऱ्यांनी हात वर घेतला, चादरीला पुसला आणि कूस बदलली. तपासनिसांनी टोपली खस्सकन ओढून तिच्यावर परात टाकली, परातीवर इस्त्री ठेवली आणि मग ते स्वतः टेबलावर चढले.

बायकोने फोन करून बोलावलेला सर्पमित्र आला. कासवाच्या शेजारून त्याने साप अलगद काढला आणि पोत्यात घातला. "बिनविषारी आहे. बिचारा फार घाबरलाय," असं तो टेबलाकडे बघत म्हणाला आणि निघाला.

तपासनिसांनी खाली उतरून घाम पुसला. बायको फोनवर काहीतरी वाचत होती.

"सशाच्या फोटोखाली तुम्ही लिहिलंय, 'ससा'. कासवाखाली, 'कासव'. आणि सापाखाली?"

तपासनीस टोपलीतले प्राणी मोजू लागले.

तिनेच वाचून दाखवलं. "'अप्रतिम! अगदी जीव ओतून केलेलं काम. माझ्या बायकोच्या हातची सर्वांत सुंदर वस्तू!'"

तिने फोन शांतपणे खाली ठेवला. "इतकी वर्षं विणतेय मी. आज पहिल्यांदा कौतुक केलंत. तेही त्याचं."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. तपासनीस तसेच अनवाणी फाटकाकडे धावले.

"अहो सर्पमित्र! थांबा जरा! पोत्यात आणखी एकाची जागा आहे का?"