दर पाचवं मूल

शालिग्राम मास्तर तीन वर्षं हंगामी होते, आणि त्यामुळे त्यांचा संसारही हंगामीच चालला होता. बायको विजयमाला रिसोडला माहेरी. "कायमचा हुकूम दाखवा, मंग भांडे बांधतो," असं तिनं दिवाळीत सांगितलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. जऊळक्याच्या स्टेशनापासून तीन कोसांवरच्या त्या खेड्यात मास्तर स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे आणि तव्यावर करपवायचे. अशात सन अडतीसच्या पौषात खात्याचं परिपत्रक आलं.

खात्याला म्हणे शोध घ्यायचा होता की खेड्यांतल्या शाळांत किती मुलांना वाचता येतं. सगळी मुलं तपासायला सवड नाही. म्हणून डिप्टीसाहेब येतील, हजेरीपुस्तकातलं दर पाचवं मूल उभं करतील, त्याला वाचायला लावतील आणि त्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधतील. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हंगामी मास्तरांना कायम करण्याचा विचार याच चौकशीवरून होईल. ती ओळ मास्तरांनी सात वेळा वाचली आणि तडक उकंडराव पाटलांचा वाडा गाठला. पाटील शाळा कमिटीचे अध्यक्ष होते. वाचता त्यांनाही येत नव्हतं, पण अध्यक्षाला ते लागत नाही.

पाटलांनी मजकूर ऐकला आणि मांडी थोपटली.

"यात भेव्यासारखं का हाय? रिसोडच्या बजारात अडत्या हेच त करते. पोत्यात परखी खुपसते, मूठभर जवारी काढते अन् सगळ्या पोत्याचा भाव सांगते."

"मंग?"

"मंग का? परखी कोठं खुपसन हे ज्याले माईत हाय, तो तेथं चांगला दाना भरते. तुमाले त सायबानं सोता लिहून देल्लं. पाचवा, धावा, पंधरावा. भरा की दाना."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पटावर साठ मुलं होती आणि धड वाचता येणारी होती नेमकी बारा. साठाला पाचानं भागलं की बाराच येतात. हा भागाकार त्यांना शुभशकुनच वाटला. त्यांनी दोन दिवस खपून नवं हजेरीपुस्तक लिहिलं. दर पाचव्या जागी एक हुशार मूल, मध्ये चार चार दगड. जुनं पुस्तक उंदरांनी खाल्लं, असा शेरा मारून त्यांनी ते चुलीत घातलं आणि त्यावर चहा केला.

बेत इथंच थांबता तर गोष्ट संपली असती. पण अकलेची तारीफ व्हावी म्हणून पाटलांनी तो चावडीवर सांगितला. गावानं त्यातलं एवढंच ऐकलं की साहेब बारा मुलांना नावानं पुकारणार. साहेबानं नावानं पुकारणं म्हणजे मान, आणि मान म्हटला की तो कोणाचा, हे त्या गावात ठरलेलं होतं. संध्याकाळी पाटील स्वतःच शाळेत आले.

"मास्तर, आमचा जगदेव कितव्या नंबरवर हाय?"

"एकोनीस."

"म्हंजे त्याले पुकारनार नाई?"

"नाई."

"अन् विसाव्या नंबरवर कोन?"

"लखमाची पंचफुला."

लखमा गावाची मेंढरं राखायचा.

"म्हंजे सायेब मेंढक्याच्या पोरीले पुकारन अन् पाटलाचा नातू खाली बसून आयकन?"

"पन पाटील, तिले वाचता येते. परखीची गोठ तुमीच सांगतली ना?"

"ते जवारीचं होतं. जवारीले नाक नसते, मास्तर. आमाले हाय."

कमिटीच्या अध्यक्षाला दुखवून कायम झालेला मास्तर अजून जन्माला यायचा होता. जगदेव विसावर गेला, पंचफुला एकोणिसावर आली, आणि पुस्तक पुन्हा लिहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मालगुजारीण कस्तुराबाई आल्या. त्यांचे दोन मुलगे. एकाला पुकारलं आणि दुसऱ्याला नाही, तर दुसऱ्याच्या जिवाला काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांना दोन जागा द्याव्या लागल्या. मग तांड्याचे नाईक गुलाबसिंग दारात बसले. "आमच्या तांड्यातून बी पोट्टे येतेत. आमी का चवथे हाव?" त्यांना एक. मग सावकार, मग देवळाचे पुजारी, मग बाकीची बडी मंडळी. आठ दिवसांत मास्तरांनी चार वेळा पुस्तक लिहिलं, आणि उंदरांचा शेरा चार वेळा. शेवटी साठावी जागा तेवढी उरली. ती शेवटची म्हणून कमीपणाची, सबब कोणालाच नको होती. बाकी अकरा पाचांवर गावातली अकरा प्रतिष्ठित ढ मुलं विराजमान झाली. मास्तरांनी विजयमालेला पत्र लिहिलं की भांडी बांधायची घाई करू नकोस.

डिप्टीसाहेब बैलांच्या दमणीतून उतरले ते थेट हजेरीपुस्तकाशीच. बारीक चणीचे, घाटावरचे गृहस्थ. त्यांनी पाचवं मूल उभं केलं. त्यानं पुस्तक घेतलं आणि रडायला लागलं. दहाव्यानं धडा सोडून मारुतीची आरती म्हटली. विसाव्या नंबरचा जगदेव मात्र डगमगला नाही.

"वाच बाळ," साहेब म्हणाले.

"तुमीच वाचा सायेब, मी आयकून राह्यलो," जगदेव म्हणाला.

खिडकीबाहेर उभे असलेले पाटील कौतुकानं हसले. नातू साहेबाशी बोलला होता. पुढच्यांचंही तसंच झालं. साठाव्यानं वाचलं. बारांत एक.

"आता चौथ्यापासून दर पाचवं," साहेब म्हणाले.

चौथा, नववा, चौदावा. त्यातल्या दोघांनी अडखळत का होईना वाचलं. एकोणिसाव्या नंबरची पंचफुला उठली, आणि तिनं धडा असा वाचला की साहेबांनी लेखणी खाली ठेवली. या बारांत एकूण चार वाचणारे निघाले. साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. मास्तरांना वाटलं, संपलं. आता हंगामीसुद्धा उरत नाही.

"पुस्तक नवं दिसतंय."

"जुनं... उंदरांनी खाल्लं, साहेब."

"या मुलखातले उंदीर मोठे शिस्तीचे आहेत. अठरा शाळा पाहिल्या. आमचं परिपत्रक पोचलं त्याच आठवड्यात त्यांनी अठराही ठिकाणची पुस्तकं खाल्ली. आणि प्रत्येक ठिकाणी पाचवं मूल पुराणिकासारखं वाचतं, चौथ्याला अक्षर फुटत नाही."

साहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं.

"तुमच्याकडे पाचवी मुलं चौथ्यांपेक्षाही कच्ची. असं जाणूनबुजून कोण करील? एकोणीस शाळांत तुमच्याच शाळेत खरोखरचे उंदीर आहेत, मास्तर. असा सचोटीचा माणूस हंगामी कसा राहिला? पुस्तक कोणत्या रीतीनं लिहिता ते मला लिहून द्या. ते आलं की तुमच्या हुकमावर सही करतो."

मास्तर रात्रभर कोऱ्या कागदासमोर बसले. खोटं सुचेना, म्हणून नाइलाजानं त्यांनी खरं लिहिलं: "हजेरीपुस्तक तपासणीपूर्वी गावातील प्रतिष्ठित मंडळींस दाखवावे. त्यांच्या सूचना येतील त्या सर्व मान्य कराव्या." साहेब खूश झाले. लोकांना इतकं विश्वासात घेणारा मास्तर त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी तो कागद सगळ्या शाळांना धाडला आणि हुकमावर सही केली. विजयमाला चार पितळी पातेली आणि एक पाटा घेऊन आली, आणि मास्तरांची करपलेली भाकरी बंद झाली.

पुढच्या वर्षी सगळ्या शाळांनी पुस्तकं प्रतिष्ठितांना दाखवली. सगळेच मास्तर प्रामाणिक झाल्यामुळे आता चौथं मूल तपासायची गरज उरली नव्हती. दर पाचव्या जागी पाटील, सावकार आणि देशमुखांचीच मुलं सापडली आणि सपशेल नापास झाली. खात्यानं निष्कर्ष काढला की मोठ्या घरांत शिक्षणाची फार हेळसांड होते. या उपेक्षित मुलांसाठी गावोगाव खास वर्ग निघाला. त्यात नवी पुस्तकं, नव्या पाट्या आणि बसायला सतरंज्या. त्या गावच्या वर्गावर अर्थातच शालिग्राम मास्तर नेमले गेले. जगदेव सगळ्यांत पुढं बसला.

एका सकाळी लखमा घोंगडी सावरत मास्तरांच्या दाराशी आला.

"मास्तर, माही पोरगी त्या नव्या वर्गात बसन का? तिले पुस्तकाची लय हाव हाय."

"नाई जमत, लखमा. तो वर्ग ज्याइले वाचता येत नाई त्याइच्यासाठी हाय."

लखमानं थोडा विचार केला. त्याला राग आलेला दिसत नव्हता.

"एवढंच ना? मंग सांगतो तिले. पुढच्या खेपेले सायेब आले का मुकी राह्य म्हनतो."

मास्तरांना लाज वाटली. तसं करू नकोस, असं ते सांगणार होते. पण ते स्वतः याच रस्त्यानं कायम झाले होते.