डोंगरावरचा राउंड

गायकवाड सिस्टर कुणाला नमस्कार करत नाहीत. त्या म्हणतात, "जीभ दाखव."

कळव्याच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी आणि हमाल मिळून कपाट जिन्याने वर चढवत होतो. मधल्या मजल्यावर या बाई उभ्या. किडकिडीत, साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले. मी धापा टाकत म्हटलं, "नमस्कार, आम्ही नवीन आलोय." त्या म्हणाल्या, "दिसतंय ते. जीभ दाखव." अंगावर कपाट असताना माणूस वाद घालत नाही. मी दाखवली. "पाणी पीत नाहीस. आणि काल हॉटेलचं खाल्लंयस," एवढं बोलून बाई चालत्या झाल्या. दोन्ही खरं होतं. पण शेजारणीला पहिल्याच दिवशी जीभ का दाखवली, हे बायकोला समजावताना माझे आठ दिवस गेले.

सिस्टरांनी सगळी नोकरी सरकारी हॉस्पिटलात काढली, तीही बहुतेक हाडांच्या वॉर्डात. रात्रंदिवस "आई गं" ऐकून ऐकून त्यांना विव्हळणाऱ्या माणसाचा मनस्वी तिटकारा आलेला. कुणी जरा कण्हलं की त्यांचं वाक्य तयार: "मेलायस का? नाही ना? मग ऊठ." रिक्षावाला असो, कुरियरवाला असो, सगळ्यांना एकच माप. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि सेक्रेटरींच्या नेमकं छातीत दुखायला लागलं. सिस्टर उठल्या, त्यांचं मनगट धरलं आणि भर सभेत जाहीर केलं, "नाडी ठणठणीत आहे. उत्तर द्या." टाकी महिन्याभरात साफ झाली.

लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत नाही. भाचा बंगलोरला नोकरीला जाताना आपली डोंगरात चालवायची गिअरवाली सायकल मावशीच्या गॅलरीत ठेवून गेलेला. सिस्टर रिटायर झाल्या आणि त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. "नुसतं पडून राहिलं की गंजतं. ती पण आणि मी पण," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पारसिकच्या टेकडीवर. कळवा नाक्यावरचे लोक टपरीवरचा चहा हातात धरून बघत राहिले.

मी यात कसा सापडलो, तर माझ्या मूर्खपणामुळे. नौपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर बसून बसून पोट काउंटरच्या पुढे आलेलं. रक्ताचा रिपोर्ट आला तो मी सहज सिस्टरांना दाखवला. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ए चष्मेवाल्या, रविवारी सहाला सायकल घेऊन खाली ये." माझ्याकडे सायकल नव्हती. हे मी बोललो, तर म्हणाल्या, "मग घे."

अशी पाच-सहा महिने तंगडतोड झाल्यावर मला कळलं की हे सगळं एका शर्यतीसाठी चाललंय. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांत दरवर्षी एक दिवसाची सायकल शर्यत असते. रस्ता म्हणून काही नाही. ओढे, चिखल, दगडधोंडे, आणि असे चढ की शेवटी आपण सायकलवर नाही, सायकल आपल्यावर बसते. दुपारी तीनच्या आत पोहोचलात तर गळ्यात मेडल आणि माईकवर नाव. तीननंतर पोहोचलात तर केळं.

सिस्टरांनी आजवर फक्त केळी खाल्लेली.

दमाचा प्रश्नच नव्हता. बाईंच्या मांड्या म्हणजे लोखंड. प्रश्न हा की वाटेत माणसं पडतात, आणि माणूस पडला की सिस्टरांची ड्युटी सुरू होते. पुण्याचा एक गडी, अंगात चकचकीत महागडे कपडे, बांधावर पाय धरून बोंबलत होता. सिस्टर उतरल्या. "मेलायस का?" "नाही हो, पाय मोडलाय बहुतेक." "पाय मोडलेला माणूस 'बहुतेक' म्हणत नाही. ऊठ." त्याला पाणी पाजलं, पट्टी बांधली, ढकलून सायकलवर बसवला. तो तीनच्या आत पोहोचला. सिस्टर मागे दुसऱ्या एकाची तंगडी बांधत बसल्या. आता जुन्या स्पर्धकांना त्या एवढ्या माहीत झाल्यात, की लंगडत चाललेला माणूससुद्धा त्यांना बघून गाणं गुणगुणायला लागतो.

मी एकदा म्हटलं, "सिस्टर, एवढं काय आहे त्या मेडलमध्ये? आपल्या स्टेशनबाहेर मिळतात तसली."

"मेडल गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "मी रिटायर झाले ना, तेव्हा शाल दिली, नारळ दिला. मोठे साहेब माईकवर बोलले. आख्खं भाषण 'गोडबोले सिस्टर, गोडबोले सिस्टर'. ही गोडबोले कोण, मला अजून कळलेलं नाही. एकदा माईकवर माझं नाव बरोबर ऐकायचंय. बास."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

म्हणून यंदा त्यांनी शपथच घेतली. "कोण मेलं तरी थांबणार नाय," म्हणाल्या आणि औषधांची पिशवी माझ्या पाठीवर टाकली. "माझ्याकडे असली की माझे हात वळवळतात."

आणि खरंच थांबल्या नाहीत. एक पोरगी ओढ्यात आपटली, सिस्टरांनी तोंड फिरवलं. एकजण झाडाला टेकून ओकत होता, त्याला सायकलवरूनच ओरडल्या, "घोट घोट पी, गटागटा नको!" पुढे गेल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या. मी मागून येत होतो आणि मनात म्हणत होतो, आता कुणी पडू नका रे बाबांनो, बाईंचं व्रत मोडेल.

शेवटचा चढ संपला. वरून खाली मैदानातला मांडव दिसला. माईकचा आवाजसुद्धा येत होता. तीनला अजून वीसेक मिनिटं होती आणि पुढे नुसता उतार. मी ओरडलो, "सिस्टर, झालं! आलं नाव!" त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि बाई चक्क हसल्या.

तेवढ्यात सायकलचं पुढचं चाक मुरुमावर घसरलं.

मी पोहोचेपर्यंत त्या उठायला लागलेल्या. गुडघा सोलवटून निघालेला, कोपरातून रक्त, जखमेत मुरुमाचे खडे रुतलेले. "काय नाय झालं," म्हणाल्या. "सायकल उचल. टाइम जातोय." उभं राहताना मात्र त्यांनी माझा खांदा धरला. मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "दुखतंय का?"

"मी काय मेले..." त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. "काय म्हणालास?"

"दुखतंय का, म्हटलं."

सिस्टर तिथेच वाटेत बसल्या. बघता बघता त्यांचे डोळे भरले. "हो रे," म्हणाल्या. "दुखतंय. खूप दुखतंय." आणि ढसाढसा रडायला लागल्या. "आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं रे."

मी पाठीवरची पिशवी उघडली. पाण्याने जखम धुतली, एकेक खडा काढला, औषध लावलं. आयुष्यभर दुसऱ्यांना पट्ट्या बांधणारी ही बाई माझ्या ओबडधोबड हातांकडे बघत होती आणि चक्क एक चूक काढत नव्हती. खाली माईकवर कुणाकुणाची नावं पुकारत होते. मी घाईघाईने पट्टी गुंडाळायला घेतली. "चला सिस्टर, अजून पोहोचतो. पाच मिनिटांचा उतार आहे. उठा."

त्यांनी माझा हात धरून बाजूला केला.

"थांब, एवढ्यात बांधू नको," त्या म्हणाल्या. "आग होतेय रे. जरा फुंकर घाल."

"अहो, तीन वाजतील."

"वाजू देत."

मी खाली वाकलो आणि फुंकर घातली. सिस्टरांनी डोळे मिटले.

"अजून," म्हणाल्या.