पावतीचा नंबर सक्तीचा

"मावशी, आता ते जतन करायचं बटण विसरा! कर्सर चौकटीतून बाहेर पडला की लिहिलेलं आपोआप जतन. आणि पावतीचा नंबर भरल्याशिवाय कर्सर जागचा हलणार नाही. देव आला तरी!"

लाँड्रीवाल्या मावशींसमोर छाती फुगवून हे सांगणाऱ्या प्रोग्रामरला गल्लीत सगळे पंडित म्हणायचे. माणूस हुशार होता, पण घरी त्याच्या हुशारीला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी बायको नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, तेव्हा हा शहाणा "जा की!" म्हणाला होता. आता रोज फोन व्हायचा. "जेवलास?" "जेवलो." संपलं! 'परत ये' एवढे दोन शब्द काही त्याच्या तोंडून फुटत नव्हते. तिचा निळा कोट मात्र याच लाँड्रीत टांगलेला होता, आणि एका फॉर्मच्या कामासाठी पंडित दिवसातून तीनदा का येतो, हे मावशींना केव्हाच कळलं होतं.

चाचणीसाठी एक गिऱ्हाईक हवं होतं. त्यानं तिचंच नाव घातलं. फोन नंबर मात्र स्वतःचा. मग 'शेरा' असं लिहिलेल्या चौकटीत बोटं आपसूक चालली, 'कधी येणार? तुझ्याशिवाय घर खायला उठतं.'

"चहा घेतोस का रे?" मावशींनी मागून विचारलं.

तो असा दचकला की माऊसची क्लिक भलतीकडेच पडली. कर्सर बाहेर, मजकूर जतन! त्यानं घाईघाईनं मागे येऊन सगळं खोडलं आणि फॉर्म बंद केला. पण खोडल्यावर कर्सर बाहेर पडलाच नव्हता, म्हणजे खोडलेलं जतन झालंच नव्हतं! त्यात कहर असा, की ती चौकट एका गिऱ्हाइकाच्या शेऱ्याला जोडायची, ती त्यानं जोडली होती दुकानाच्या निरोपाला. रोज सकाळी दहाला सगळ्या गिऱ्हाइकांना 'कपडे तयार आहेत' म्हणून जायचा, त्या निरोपाला!

दुसऱ्या दिवशी साडेदहाला लाँड्रीपुढे ही झुंबड! एक म्हातारे शिंपी गुळगुळीत दाढी करून, अत्तर लावून एका टॉवेलसाठी आले होते. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून आत घुसली.

"कुठंय ती? दाखवा मला!"

"मीच ती!" मावशी कडाडल्या. "पासष्ट वर्षांची! तुझ्या नवऱ्याच्या तीन पँटी वर्षभर पडल्यात इथं. उचल आधी!"

दुपारपर्यंत वर्षानुवर्षं पडून असलेले कपडे घरोघरी गेले. दांडीवर उरला एकटा निळा कोट.

"मेल्या, अब्रू घालवलीस, पण दुकान रिकामं केलंस," मावशी म्हणाल्या. "आणि या कोटवालीला नाही गेला निरोप?"

पंडितानं खिशातून फोन काढला. तिच्या नावापुढे नंबर त्याचा, म्हणून तिचा निरोप त्यालाच आला होता, बरोबर दहाला. साऱ्या गावाला विचारून झालं, आणि जिला विचारायचं तीच राहिली!

"मला तिची फार आठवण येते हो, मावशी," तो एकदम म्हणाला.

"मग मला काय सांगतोस? नंबर घाल तिचा!"

त्यानं घातला. नंबर बदलून कर्सर बाहेर पडला की निरोप नव्या नंबरावर लगेच जायचा, तशी सोय त्यानंच केली होती. पण आता बोट हलेना. कर्सर चौकटीत लुकलुकतोय, हा त्याच्याकडे बघत बसलाय. पाच मिनिटं गेली. शेवटी मावशींनीच हात लांब करून टॅबची कळ दाबली.

"गेला?"

"गेला," पंडित कसाबसा म्हणाला.

तिचं उत्तर यायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. 'रविवारी येते. पण पावती हरवली आहे. कोट मिळेल ना?'

पंडितानं खुर्ची पुढे ओढली आणि पावतीच्या नंबराची सक्ती तिथल्या तिथं काढून टाकली.

"काय रे, देव आला तरी म्हणाला होतास ना?"

"तो येईल तेव्हा बघू, मावशी. ही रविवारी येतेय!"