रूटचा दुभाषा

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. ज्याच्या हाती सत्ता, त्याचा थाटही तसाच असावा, हे तत्त्व तोवर खुर्च्या आणि पडद्यांपुरतंच पाळलं जाई. ते संगणकालाही लावण्याचा मान शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयाकडे जातो.

तिथल्या यंत्रावर 'रूट' नावाचं खातं होतं, यंत्राचा सर्वाधिकारी. रूटने टंकलेला हुकूम यंत्राला समजावणारा दुभाषा म्हणजे शेल. रूटचा शेल जुना नि कोरडा. एक अक्षर चुकलं की अख्खा हुकूम पुन्हा टंका. (तो कधी बंद पडला नव्हता, पण त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.)

कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या सहायकाला सगळे जावईबापू म्हणत. जावई कुणाचाच नव्हता, रुबाब मात्र तसा. त्याने रूटसाठी नवा शेल आणला. तो मागचे हुकूम लक्षात ठेवी, अर्धा शब्द स्वतःच पुरा करी, आणि रंगीत होता. लगेच समिती बसली. सभासदांपैकी ऐंशी टक्क्यांनी कळफलकाला कधी बोट लावलं नव्हतं, त्यामुळे निःपक्षपातीपणाची चिंता नव्हती. निळा की जांभळा, यावर तीन बैठका झाल्या.

चौथ्या बैठकीत यंत्र सांभाळणाऱ्या बाई चाचरत म्हणाल्या, "साहेब, यंत्र सुरू होतं त्या डिस्कवर जुना शेल आहे. नवा दुसऱ्या डिस्कवर बसतोय. ती बिघडली तर रूटला आत येता येणार नाही, आणि ती दुरुस्त करायला रूटच लागतो. आपण वापरू की रंगीत, रूटला राहू दे जुना."

"वा! नोकरांना रंगीत आणि मालकाला काळा-पांढरा?" जावईबापू म्हणाले.

"बाई, दरवेळी तुमचा आपला नन्नाचा पाढा," साहेब म्हणाले. "तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, ठाऊक आहे ना?"

बाईंना ठाऊक होतं. त्या बढतीवर धाकटीचं शिक्षण अडून होतं. शिवाय तेच ते टंकून बोटंही दुखत होती. बाईंनी सही केली. ठराव एकमताने पास. रंग जांभळा.

ऐन उन्हाळ्यात, भल्या सकाळी दुसरी डिस्क गेली. पंप चालवणारा प्रोग्रामही तिच्यावरच. रूटला बोलावलं, तर यंत्र म्हणालं, शेल सापडत नाही. (तेही काळ्या-पांढऱ्यात.)

तेवढ्यात साहेबांच्या घरून फोन आला. "अहो, नळाला टिपूस नाही! मी डोक्याला साबण लावून बसलेय! डोळे चुरचुरताहेत नुसते!"

"बाई, काहीतरी करा!" साहेब ओरडले.

"आत जायला रूट हवा, साहेब."

"मग बोलवा त्याला!"

"तो आपल्याबरोबर बाहेरच उभा आहे."

यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर शहर कोरडं. पुढे रीतसर चौकशी झाली. दोष डिस्कचा ठरला. यापुढे निळा रंग वापरावा, अशी शिफारसही झाली.

साहेब सत्कार घेऊन निवृत्त झाले. भाषणात आधुनिकीकरणाचा उल्लेख होता. जावईबापू याच अनुभवाच्या जोरावर वीज खात्यात गेले. बाईंना बढती मिळाली, पण यंत्र नसलेल्या मजल्यावर. धाकटी शिकली. आणि हे वाचून हसणारे वाचक? त्यांनी आपल्या फोनचा पासवर्ड विसरू नये म्हणून नीट लिहून ठेवला आहे, फोनमध्येच.