दाढेचा रहिवास

माणसाचे दात त्याच्या तोंडात येतात, असा एक सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. वास्तविक दात राज्यात येतात. ज्या राज्यात दात हिरडीबाहेर पडला त्या राज्याचा तो रहिवासी, आणि त्याला हात लावायचा तर त्याच राज्याचा परवाना हवा. दंतपरिषदेच्या परवाना-बदली विभागाचा प्रमुख म्हणून हे तत्त्व मी शब्दबद्ध केलं, याचा मला रास्त अभिमान आहे.

परराज्यातून आलेल्या दंतवैद्याने आमच्याकडे अर्ज करायचा असतो. सोबत जुन्या राज्याचं ना-हरकत पत्र, वर्तणुकीचा दाखला आणि इथल्या दातांवर काम केल्याचा अनुभव. (इथल्या दातांवर परवान्याशिवाय काम करणं गुन्हा आहे. म्हणून अनुभव जोडणाऱ्यांवर आम्ही खटला भरतो आणि न जोडणाऱ्यांचा अर्ज परत करतो.) बदली होऊन परवाना मिळालेल्या एकाही माणसाने आजवर आमच्याविरुद्ध तक्रार केलेली नाही. असा माणूस अजून झालेला नाही, ही गोष्ट वेगळी.

आमची सूनबाई दंतवैद्य. लग्न होऊन परराज्यातून आली. तिकडे तिचा हात इतका हलका होता की लहान मुलंसुद्धा रडायची नाहीत म्हणे. तिचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. घरचं माणूस म्हणून मी तो बोटभरही वर सरकू दिलेला नाही.

अशात बायकोची दाढ दुखू लागली. गाल टम्म फुगला. सूनबाईने तिला खिडकीशी बसवून तोंडात पाहिलं (पाहण्याला परवाना लागत नाही) आणि म्हणाली, "बाबा, आत पू झालाय. सूज गळ्यात उतरली तर आईंना श्वास घेता येणार नाही. आजच काढायला हवी."

शहरातले सगळे परवानाधारक त्या आठवड्यात परिषदेच्या अधिवेशनाला गेले होते. विषय : दंतवैद्यांची टंचाई.

मी डगमगलो नाही. बायको मूळची सुनेच्याच राज्यातली. म्हणजे तिचे दात तिकडचे, आणि त्यांना तिकडचा परवाना चालतो! मी सवलतीची टिपणी लिहायलाही घेतली. खात्री असावी म्हणून विचारलं, "ही दाढ आली कधी?"

"अक्कलदाढ आहे ती," बायको गाल धरून म्हणाली. "लग्नानंतर आली. तुमच्या घरात."

मी पेनाला टोपण लावलं.

शेवटी तिला कोपऱ्यावरच्या दातवाल्याकडे नेलं. किल्ल्या बनवणं आणि दात काढणं ही दोन्ही कामं तो एकाच स्टुलावर करतो. त्याच्याकडे कुठल्याच राज्याचा परवाना नाही, त्यामुळे बदलीचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याने पकड लावली आणि शेजारची धडधाकट दाढ उपटून हातात दिली. ती परराज्याची होती. (पत्रव्यवहार सुरू आहे.)

घरी येईपर्यंत बायकोला थुंकीही गिळता येईना.  सूनबाईने आपली हत्यारांची पेटी काढली, पाणी उकळलं, इंजेक्शन भरलं आणि माझ्या हातात विजेरी दिली.

"सूनबाई, हा गुन्हा आहे."

"धरा, बाबा. हलवू नका."

मी धरली. मान भिंतीकडे वळवली, म्हणजे पाहिलं असं होऊ नये. खरं सांगतो, मी फार घाबरलो होतो, आणि नियमाला नव्हे. पू निघाला, दाढ निघाली. दुसऱ्या दिवशी बायको घोटभर दूध प्यायली आणि पहिलं वाक्य बोलली, "आता तरी सही करा."

सही कशी करणार? सूनबाईकडे आता इथल्या दातावर काम केल्याचा अनुभव आहे. आमच्या विभागाच्या इतिहासात प्रथमच एक अर्ज परिपूर्ण झाला, त्यामुळे खटला भरणं भाग आहे. कागद मीच तयार करतोय. विजेरी धरणाऱ्याचं नाव तेवढं लिहायचं राहिलंय.

तुम्ही मला हसत असाल. जरूर हसा. पण ते तत्त्व माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मागच्या खेपेला दवाखान्याच्या खुर्चीत बसलात, तेव्हा तोंड उघडण्याआधी डॉक्टरीणबाईंना तुम्ही काय विचारलंत? "तुम्ही मूळच्या कुठल्या?" कोपऱ्यावरच्याला तुम्ही काहीच विचारत नाही, तो आपल्यातला. तुमच्या त्या प्रश्नाखाली मी फक्त शिक्का मारला.