सिंहमारे कुळाची उत्पत्ती आणि शिरगणती

एका जंगलात, मुलांनो, एक भेकर राहत असे. भेकर म्हणजे काय, असं विचारायला लगेच हात वर करू नका. छोटं हरीण असतं ते, पान हललं तरी पळतं. तर या भेकराचं नाव रावसाहेब आणि आडनाव सिंहमारे. हसू नका, आडनावावरून कुणाला हसू नये.

रावसाहेबांना आडनावाचा भारी अभिमान. एकदा त्यांनी कावळ्याला जंगलभर पिटाळून सिंहमाऱ्यांची शिरगणती करवली. कावळा आठ दिवसांनी धापा टाकत परतला.

"पाच," तो म्हणाला.

"पाच हजार?"

"नुसते पाच. तुम्ही, वहिनी, दोन पोरं आणि नदीपलीकडचा तुमचा लंगडा चुलता."

रावसाहेब उलट खूशच झाले. "म्हणजे दुर्मीळ कूळ आमचं. नाहीतर ते ससे बघ, झुडपागणिक बारा."

मग त्यांनी कुळाचा इतिहास लिहिला. आमच्या मूळपुरुषाने एका सिंहाला लाथेने लोळवलं, म्हणून आम्ही सिंहमारे, असं त्यात ठोकून दिलं. पुरावा काही नव्हता. पण कुळाच्या इतिहासात पुरावा मागणं वाईट दिसतं, म्हणून कुणी मागितला नाही.

इतिहासाची एक प्रत सिंहाकडे गेली. ती रावसाहेबांनीच 'सप्रेम भेट' लिहून पाठवली होती. आता या अकलेला काय म्हणावं? सिंहाने ताबडतोब नवराबायकोला गुहेत बोलावून घेतलं.

"कुणाला मारलंत?" त्याने विचारलं. "माझ्या आजोबांना की पणजोबांना?"

रावसाहेब बायकोच्या मागे सरकले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई मात्र पुढे झाल्या.

"महाराज, आडनाव जरा तोडून वाचा. सिंह मारे. म्हणजे सिंह मारत असे. कुणाला? तर आम्हाला. तुमच्या वाडवडिलांनी आमचे इतके खाल्ले, म्हणून तर आज पाचच उरलोय."

सिंहाचा ऊर भरून आला. "आमच्या घराण्याची आठवण तुम्ही आडनावात जपलीत," तो म्हणाला. "जा, सुखाने राहा."

द्वारकाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नवऱ्याला ढकलतच बाहेर काढलं. पण गुहेच्या तोंडाशी येऊन रावसाहेब अडले.

"अहो, चला ना," द्वारकाबाई कळवळून म्हणाल्या. "पोरं वाट बघतायत."

"थांब गं. लेखी इतिहास आहे माझा." आणि ते मागे वळले. "महाराज, हिचं व्याकरण कच्चं आहे. हा उपपद तत्पुरुष समास आहे. सिंहास मारणारे, ते सिंहमारे."

सिंहाला समासातलं फारसं कळत नव्हतं. विग्रह मात्र येत होता. तो त्याने रावसाहेबांचाच केला.

द्वारकाबाई रडत रडत पोरांकडे गेल्या. कावळ्याने शिरगणतीत दुरुस्ती केली. त्या दिवसापासून जंगलात द्वारकाबाईंनी सांगितलेलाच अर्थ खरा धरतात.

तात्पर्य: आडनावाच्या उत्पत्तीला भक्कम पुरावा लागतो. तो कुठेच सापडत नसेल, तर मुलांनो, धीर सोडू नका. स्वतः पुरावा व्हा.