रिकामी ताटं

‘कुत्रा बरा की मांजर?’ या विषयावर आठ जणांनी आठ निबंध लिहिले आणि आठही जणांनी शेवटी दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं, असं लिहून टाकलं. मधुवंतीने कपाळाला हात लावला. जपानमधल्या एका विद्यापीठाने ही मुलं इंग्रजी लिहायला-बोलायला शिकण्यासाठी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला पाठवली होती. मुलं गुणी होती. वेळेवर यायची, गृहपाठ सांगितला त्याच्या दुप्पट करायची, अक्षर तर असं की फ्रेम करून लावावं. पण चारचौघांत ‘मला पटत नाही’ म्हणायचं काही त्यांच्याकडून होत नव्हतं, आणि मधुवंतीला शिकवायचं होतं नेमकं तेच.

“हारुका, केंटा म्हणतो परीक्षा बंद कराव्यात. तुला काय वाटतं?”

“केंटा बरोबर बोलतो,” हारुका टेबलाकडे बघत इंग्रजीत म्हणायची.

“आणि मी म्हणते, परीक्षा हव्यातच.”

“टीचरसुद्धा बरोबर बोलतात.”

येत्या सोमवारी मुलांचे प्रोफेसर मोरिशिता जपानहून येऊन वर्गात बसणार होते. मुलं धीटपणे बोलली तर पुढच्या वर्षी पुन्हा तुकडी येणार, नाहीतर ती दुसऱ्या गावी जाणार. आणि तुकडी गेली की मधुवंतीची नोकरीही गेली. हे भाषा-शाळेच्या डायरेक्टरबाईंनी तिला कॉफी पिता पिता, अगदी हसतमुखाने सांगितलं होतं. इकडे वाईट बातमी अशीच सांगतात.

घरी सासूबाईंचं दुःख वेगळंच होतं. सरोजताई नाशिकहून मुला-सुनेकडे राहायला आल्याला बरेच महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांच्या हातचं कुणी मागून घेतलं नव्हतं. मुलगा मकरंद दूध पावडरच्या कंपनीत कामाला. दिवसभर दुधात आणि घरी मात्र डाएटवर. “आई, एक पोळी बास, हीप्स झालं, म्हणजे भरपूर,” म्हणून तो ताटावर हात आडवा धरायचा. मधुवंती संध्याकाळी पाला खायची. सरोजताई त्याला पालाच म्हणत, सॅलड नाही.

“मुलं बोलत नाहीत म्हणून काय रडतेस?” त्या सुनेला म्हणाल्या. “अगं, परक्या गावी आलेली पोरं ती. पोटात काही चांगलंचुंगलं गेलं की तोंड आपोआप उघडतं. रविवारी जेवायला बोलाव सगळ्यांना. पुरणपोळी करते.”

“आई, सोमवारी त्यांची परीक्षा आहे हो. माझीच आहे म्हणा ना.”

“मग आदल्या दिवशी गोड खाऊनच जावं.”

‘नाही’ कसं म्हणावं हे शिकवायचा पगार घेणाऱ्या मधुवंतीला सासूबाईंना ‘नको’ म्हणता आलं नाही.

रविवारी दुपारी मुलं आली. दाराबाहेर बूट काढले आणि सगळ्या जोड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून एका ओळीत लावले. सरोजताई तिथेच गार झाल्या. मुलं चादरीवर मांडी घालून बसली, जेवणाला हात जोडले, काहीतरी जपानीत पुटपुटली. “बघ, वदनी कवळ म्हणतायत!” सरोजताई हरखून म्हणाल्या आणि त्यांनी पोळीवर तुपाची धार धरली.

यानंतर जे झालं त्यात दोष कुणाचाच नव्हता. या मुलांच्या घरी ताटात काही टाकणं म्हणजे रांधणाऱ्या बाईचा अपमान. शितन् शीत संपवायचं, हे त्यांना रांगायच्या वयापासून शिकवलेलं. आणि सरोजताईंच्या घरी पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानीणबाईंची नामुष्की. मुलांनी पोळी संपवली. ताईंनी वाढली. मुलांनी तीही संपवली. ताईंनी डोळे पुसले आणि आणखी वाढली. केंटाने कटाच्या आमटीतला कढीपत्ता खाल्ला, लवंग चावून खाल्ली, लिंबाची फोड सालासकट खाल्ली आणि शेवटी ताटातलं मीठसुद्धा बोटाने पुसून घेतलं. मीठ संपलेलं पाहून ताईंनी तेही वाढलं.

मधुवंती स्वयंपाकघरात तव्यापाशी अडकली होती. पंक्तीत उभ्या असलेल्या मकरंदला मुलांचे चेहरे दिसत होते.

“आई, बास कर. पोरं घामाघूम झालीत.”

“तू गप रे! पोट भरलं असतं तर ताटात टाकलं नसतं का काही? चाटूनपुसून खातायत. लेकरं किती दिवसांची उपाशी आहेत कोण जाणे.”

हारुकाने एकदा मान वर करून ताईंकडे बघितलं. काहीतरी म्हणावं असं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ताईंना वाटलं, पोर लाजतेय. त्यांनी दोन वाढल्या.

मुलं गेली ती एकमेकांना धरून. सरोजताई रिकाम्या ताटांकडे बघत किती तरी वेळ बसून राहिल्या. “मधू, तुझे उपकार गं बाई,” त्या म्हणाल्या. “आज कुणीतरी जेवलं माझ्या हातचं.” नोकरीची चिंता असूनही मधुवंतीला त्या क्षणी फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. मग केंटा ज्यांच्या घरी राहायचा त्या बाईंचा फोन आला. “काळजीचं काही नाही हं,” त्या म्हणाल्या, “पण केंटा मघापासून आमच्या गालिच्यावर आडवा आहे आणि हसतोय. त्याला काय दिलंत?” पाठोपाठ दुसऱ्या घरून, मग तिसऱ्या घरून. शेवटी डायरेक्टरबाईंचा. त्या अजिबात हसत नव्हत्या.

सोमवारी सकाळी वर्गात सात जण होते आणि सातही जण पोटावर हात ठेवून बसले होते. केंटा नव्हता. त्यातून न्यूझीलंडच्या पक्ष्यांवर सगळ्यांनी मिळून केलेलं, चार आठवडे घोटून पाठ केलेलं भाषण होतं, त्याची चित्रं केंटाच्या लॅपटॉपमध्ये. प्रोफेसर मोरिशिता मागच्या बाकावर ताठ बसले होते.

“केंटा कुठे आहे?” त्यांनी इंग्रजीतच विचारलं.

मधुवंती तोंड उघडणार एवढ्यात हारुका उठली.

“सर, केंटाचं पोट बिघडलंय,” ती हळूहळू इंग्रजीत म्हणाली. “काल टीचरच्या सासूबाईंनी आम्हाला जेवायला वाढलं. आमच्याकडे ताट रिकामं केलं की ते ‘थँक यू’ असतं. त्यांच्याकडे ताट रिकामं केलं की ते ‘आणखी वाढा’ असतं. आम्ही ‘थँक यू’ म्हणत राहिलो. त्या वाढत राहिल्या.” ती थांबली. मग एकदम म्हणाली, “माझं मत असं की ‘नो’ म्हणायला हवं होतं. गप्प बसणं ही खरी सभ्यता नाही. आजी वाईट स्वयंपाक करतात म्हणून नाही. उत्तम करतात, म्हणूनच त्यांना खरं सांगायला हवं होतं!”

“आय डिसॅग्री!”

सगळे वळले. दारात केंटा, पांढराफटक, चौकट धरून उभा. “मला पटत नाही!” तो म्हणाला. “माझी आजी गेल्यापासून मला इतकं कुणीच वाढलं नव्हतं. पोट दुखलं तर दुखू दे. मी पुन्हा जाईन!”

“मग पुन्हा आजारी पडशील!”

“पडेन!”

आणि वर्ग पेटला. पक्षी राहिले बाजूला. पाहुण्याने किती खावं, यजमानाने किती वाढावं, खरं बोलणं मोठं की मन राखणं मोठं, यावर सगळे तावातावाने, चुकतमाकत, एकमेकांना तोडत बोलत होते. मधुवंती फळ्याला टेकून ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले. नोकरी राहो न राहो, हे ऐकायला मिळालं, याबद्दल तिला मनापासून कृतज्ञ वाटलं. मुलांबद्दल आणि सासूबाईंबद्दलही.

प्रोफेसर मात्र नुसतं “इंटरेस्टिंग” म्हणाले. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

एवढ्यात दार ढकलून सरोजताई हातात मोठी बाटली घेऊन आत आल्या. मागून मकरंद, हातात पेल्यांची पिशवी. “आई ऐकेचना,” तो बायकोला कुजबुजला. “पोरांची पोटं बिघडली म्हणून सकाळपासून रडतेय.” ताईंनी आल्या आल्या हारुकाच्या डोक्यावरून हात फिरवला. “चुकलं गं बाळा माझं. घ्या, हिंग-जिरं लावलेलं ताक आणलंय. पोट शांत होईल.” आणि मोठं माणूस म्हणून पहिला पेला त्यांनी प्रोफेसरांच्या हातात दिला.

प्रोफेसरांनी मान लववून पेला तळापर्यंत रिकामा केला. ताईंनी लगेच भरला. त्यांनी तोही संपवला. ताईंनी पुन्हा भरला. प्रोफेसरांच्या कपाळावर घाम आला, पण चेहरा हसराच. पेला परत ओठांपाशी गेला.

“प्रोफेसर, स्टॉप!” हारुका ओरडली. “संपवू नका!”

स्वतःच्या प्रोफेसरांना, तेही परक्यांसमोर, ‘थांबा’ म्हणणं! हारुकाने तोंडावर हात धरला. प्रोफेसरांनी अर्धा पेला सावकाश टेबलावर ठेवला आणि मग ते खांदे हलवून हसायला लागले.

“इतकी वर्षं शिकवतोय,” ते मधुवंतीला म्हणाले, “मला थांबवणारा विद्यार्थी आज पहिल्यांदा भेटला. पुढच्या वर्षी दुप्पट मुलं पाठवतो. तुम्हीच शिकवायचं. थँक यू.” ते कमरेतून वाकले. मधुवंती वाकली. काय चाललंय ते न कळता सरोजताईही हात जोडून वाकल्या.

वर उठताना त्यांची नजर टेबलावरच्या अर्ध्या पेल्याकडे गेली आणि चेहरा पडला. “ताक आवडलं नाही का हो यांना?”

“काय म्हणतात त्या?” प्रोफेसरांनी विचारलं.

मधुवंती सांगणार होती. पण प्रोफेसरांनी ताईंच्या चेहऱ्याकडे एकवार बघितलं, मग विद्यार्थ्यांकडे बघितलं, आणि पेला उचलून एका दमात रिकामा केला.

सरोजताईंनी बाटलीचं झाकण उघडलं.